आत्याचा इस्थमस

मोहिमेचा उद्देश एका ओळीत सांगता येईल. आत्याला एका शब्दावर प्रत्यक्ष उभं राहायचं होतं!

शब्द होता इस्थमस. इंग्रजी शब्द. दोन मोठ्या भूभागांना जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, जिच्या दोन्ही अंगांना समुद्र असतो. आत्या म्हणजे माझ्या बायकोची आत्या. ती शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दांचे कोश तयार करते. सध्या भूगोलाच्या शब्दांचा कोश चालू होता आणि त्यात प्रत्येक शब्दाखाली दोन वाक्यं द्यायची होती. पहिलं सरळ अर्थाचं, नकाशावरचं. दुसरं लक्षणेचं, म्हणजे तोच शब्द माणसांना लावून. या कामात आत्याचे दोन नियम होते. सरळ वाक्य लिहायचं तर ती वस्तू आधी डोळ्यांनी पाहायची. खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत. लक्षणेचं वाक्य लिहायचं तर ते ओळखीच्या, जिवंत माणसावरच बेतायचं.

या दुसऱ्या नियमाने घराचा घात केला होता.

आधीच्या कोशात ‘ग्लेशियर’, म्हणजे हिमनदी, या शब्दाखाली आत्याने लिहिलं, ‘माझा भाऊ ग्लेशियर आहे, तो पुढे सरकतो, पण सरकताना त्याला कुणी पाहिलेलं नाही.’ हा भाऊ म्हणजे माझे सासरे. ते बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. काम एकदम चोख, पण सावकाश. प्रत्येक नट पुसून, उजेडाला धरून, पुन्हा पुसून मगच बसवायचा. कोश शाळाशाळांत गेला, मुलांनी वाक्य पाठ केलं आणि वर्कशॉपच्या दारावरून जाता-येता पोरं ओरडायला लागली, “ग्लेशियरकाका, झालं का इंजिन?” गिऱ्हाइकंही विचारायला लागली, की पुढच्या हिमयुगात तरी मिळेल ना! सासऱ्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. आत्याने उलट निरोप पाठवला की वाक्यात खोटं काय ते दाखव, मग बोलू. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही धडधाकट होता.

बरं, दोघं राहतात एकाच घरात, आणि आम्हीही तिथेच. खाली वर्कशॉप, वर आत्याची खोली. त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेले शब्द. मध्ये लाकडी जिना, आणि त्या जिन्यावरून वर्षानुवर्षं निरोप वाहणारी माझी बायको. घरात तिला छोटी म्हणतात.

“छोटी, त्याला सांग, हातोडा जरा कमी आपट म्हणावं.”

“छोटी, तिला सांग, हातोडा आहे, मोरपीस नाही.”

दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येत असे, शब्द मात्र अर्धेमुर्धेच! आणि काहीही कानावर आलं तरी निरोप छोटीने पोचवल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही, हा घरचा कायदा. आणि छोटी पोचवताना साखर पेरायची. वरून ‘त्या धोंड्याला सांग’ असं निघालेलं वाक्य खाली येईपर्यंत ‘बाबा, आत्या विचारत होती’ असं होऊन जायचं. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी पोट धरून हसलो. मग एके संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातली नोकरी करून आलेली छोटी जिन्यातच डोकं टेकून बसलेली दिसली, आणि माझं हसू गेलं.

मी विमा कंपनीत आहे. माझी दूरच्या शहरात बदली झाली होती. आम्ही महिनाअखेरीला निघणार होतो.

“मी गेल्यावर यांचं काय रे?” छोटी मला विचारायची. “एक आजारी पडलं तर दुसऱ्याला कळणारसुद्धा नाही.”

तिने दोघांना वेगवेगळं गाठून विनवलं होतं. दोघांचं उत्तर एकच. आधी तिने बोलावं. आधी त्याने बोलावं. पालथ्या घड्यावर पाणी! मी दमून गेलो होतो आणि खरं सांगायचं तर मला दोघांचाही राग यायला लागला होता. छोटीला मात्र येत नव्हता. ती नुसती वाळत चालली होती.

अशात आत्याला इस्थमस सापडला. खाडीच्या पलीकडे समुद्रात घुसलेलं एक उंच, रानाने भरलेलं भूशिर आहे. ते मुख्य जमिनीला फक्त वाळू-गोट्यांच्या एका पट्टीने जोडलेलं. मासेमारी करणारे सांगत होते की समुद्र ती पट्टी दरवर्षी खातोय, यंदाचा हंगाम काही ती काढत नाही. जायचं तर आत्ताच! जमिनीकडून दलदल, वाट नाही. बोट हवी. आणि बोट होती सासऱ्यांकडे.

“छोटी, त्याला विचार, नेतोस का?”

“छोटी, तिला सांग, माझ्या बोटीत पाय ठेवणाऱ्याने माझ्यावर वाक्य लिहायचं नाही.”

आत्याने अट मानली. छोटीचे डोळे चमकले. एका बोटीत चौघं, दिवसभर! किती वेळ गप्प बसतील?

बराच वेळ गप्प बसले, असं म्हणावं लागेल. आत्या पुढच्या टोकाला, रुमालाने हनुवटीखाली टोपी बांधून, गळ्यात कॅमेरा आणि मांडीवर मापाच्या दोराचं भेंडोळं घेऊन बसलेली. सासरे मागे सुकाण्यापाशी. मध्ये आम्ही दोघं, पावाची आणि उकडलेल्या अंड्यांची पिशवी सांभाळत.

“छोटी, तिला सांग, डोकं खाली घे, पुढचं दिसत नाही.”

“आत्या, वारा लागेल गं, जरा खाली वाक ना.”

इंजिन तपासण्यात सासऱ्यांनी इतका वेळ काढला होता की ओहोटी आमच्या आधी खाडीत पोचली. बोट खर्रकन वाळूत रुतली! उतरा आणि ढकला! चिखल गुडघ्यापर्यंत. पहिल्याच पावलाला माझा एक बूट गेला तो गेलाच. आत्याचे तर दोन्ही पाय रुतले आणि ती हळूहळू मागे कलायला लागली. सासऱ्यांनी काही न बोलता तिची कॉलर मागून धरली, तिला उभी केली, कॉलर सोडली. आत्याही काही बोलली नाही. छोटीने माझ्याकडे आशेने पाहिलं. पण गाडी तिथेच थांबली.

भूशिराच्या पाठीमागे एका खोबणीत आम्ही नांगर टाकला. पट्टीच्या खाडीकडच्या बाजूला तेव्हा नुसता चिखल उघडा पडलेला, त्यामुळे भरती येईपर्यंत बोट तिथे जाणं शक्य नव्हतं. ठरलं असं की आम्ही तिघं रान चढून पलीकडे उतरायचं आणि सासऱ्यांनी पाणी चढलं की बोट वळसा घालून पट्टीपाशी आणायची.

“जावईबापू, सांभाळून,” सासरे म्हणाले. “विमावाल्यालाच काही झालं तर लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा?”

चढण म्हणजे काट्यांचं जाळं होतं. वाट नव्हतीच. आत्या पुढे, हातातल्या काठीने झुडपं बाजूला सारत, आणि प्रत्येक ओरखड्याला एकेक इंग्रजी शब्द बोलत. तो भूगोलातला नसावा. माथ्याच्या खाली सुट्या दगडांचा उतार लागला. पाय टाकला की अख्खा उतारच खाली निघायचा! मी दोनदा घसरलो, छोटीने दोनदा धरलं. तिसऱ्यांदा आम्ही दोघंही घसरलो आणि एका खुरट्या झाडाला मिठी मारून थांबलो. वरून आत्याचा आवाज आला, “प्रेम नंतर करा, वर या!”

वर गेलो आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. खाली दोन समुद्र होते. उजवीकडचा खुला, निळा, लांबून लांबून लाटा आणणारा. डावीकडचा खाडीतला, मातकट, जवळजवळ निजलेला. दोघांच्या मध्ये ती पट्टी पडली होती, मधे एके जागी इतकी बारीक की वाटावं, आत्ता तुटेल. पलीकडे मुख्य जमिनीचं गर्द रान. एक करड्या रंगाचा पक्षी एका समुद्रावरून उडून पट्टीवर क्षणभर टेकला आणि दुसऱ्या समुद्रात मासा शोधायला गेला. आत्याने टोपी काढून छातीशी धरली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. या बाईवर मी महिनोन् महिने रागावलो होतो, पण त्या क्षणी मला ती फार आवडली.

खाली उतरल्यावर ती चपला काढून अनवाणी चालली. सगळ्यात बारीक जागा ओलांडून पलीकडे थोड्या उंचवट्यावर थांबली, वाळूत पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, “आता मी हा शब्द लिहू शकते.”

मग तिने छोटीला जवळ घेतलं. “दुसरं वाक्यही सुचलंय गं. कधीचंच. ‘माझी भाची आमच्या घराचा इस्थमस आहे.’ तू नसतीस तर आम्ही दोन बेटं झालो असतो.”

तिला वाटलं होतं, छोटी खुलेल. छोटी पट्टीच्या दोन्ही कडांकडे बघत राहिली, जिथे पाणी वाळू ओरबाडून नेत होतं.

“आत्या, इस्थमसवरून सगळे ये-जा करतात,” ती म्हणाली. “आणि दोन्हीकडून समुद्र त्याला खातो. हे लिहिशील का पुढे?”

आत्याचा हात तिच्या खांद्यावरून खाली आला. छोटीलाच वाईट वाटलं. “अगं, गंमत केली मी,” असं म्हणून ती हसली, पण आत्या पाठ फिरवून दोराने पट्टीची रुंदी मोजायला लागली होती.

तेवढ्यात पट्टीच्या भूशिराकडच्या टोकावरून हाक आली. भरती चढली होती, सासऱ्यांनी बोट आणली होती. छोटी धावत तिकडे गेली, मीही मागोमाग. सासरे बोटीत उभे राहून खुल्या समुद्राकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मला अजिबात आवडला नाही.

“तिला सांग, समुद्र फुगतोय! बाहेर लांब कुठेतरी वादळ झालंय. मधली जागा तुटणार. वेड्यासारखी मोजत बसू नकोस, असशील तशी पळ म्हणावं!”

आम्ही परत धावलो. छोटी आत्यासमोर थांबली, श्वास घेतला. आधीच दुखावलेली आत्या. छोटीच्या ओठांवर साखर आपोआप आली.

“आत्या, बाबा म्हणतात, जमलं तर आता निघूया का?”

“छोटी, ते असं नाही म्ह...” मी बोलायला गेलो. तिने मला चिमटा काढला.

“त्याला सांग,” आत्या मान वर न करता म्हणाली, “जन्मात कधी घाई केली नाहीस, आणि आता माझ्या शब्दावर मी उभी आहे तर तुला घाई सुचतेय!”

“बरं,” म्हणून छोटी एकटीच वळली. मी आत्यापाशी थांबलो, म्हटलं, आता हिला खरा निरोप आपणच द्यावा. तोंड उघडलं, आणि त्याच वेळी पायाखालची वाळू थरथरली.

लाट उंच नव्हती. रुंद होती, आणि थांबत नव्हती! ती पट्टीवर चढली, बारीक जागा गिळली आणि पलीकडे खाडीत कोसळली. छोटी बरोबर तिथेच होती. एकदा तिचा हात दिसला. मग फेस! जिथून आम्ही चालत आलो होतो तिथे आता नदी धावत होती आणि तिचे काठ ढेकळाढेकळांनी कोसळत होते.

मी उडी मारायला धावलो. आत्याने मागून माझा पट्टा पकडला, मापाचा दोर माझ्या कमरेला आवळला, दुसरं टोक स्वतःभोवती गुंडाळून टाचा रोवून खाली बसली. “आता जा!” मी गेलो. मला पोहता येत नाही, हे मला पाण्यात गेल्यावर आठवलं!

पाणी मला उलटंपालटं करत होतं. डोकं वर आलं की तुटक तुटक दिसायचं. आत्या. आकाश. बोट! सासऱ्यांनी बोट प्रवाहात घातली होती, पण समोर फेसाच्या भिंती, खाली बसलेल्या माणसाला काही दिसत नव्हतं. छोटी एका वाहत आलेल्या ओंडक्याला लटकली होती. ती बोटीतून दिसत नव्हती. उंचवट्यावरच्या आत्याला दिसत होती.

“छोटीss! कुठे आहे ती?” सासरे ओरडले. कुणाला विचारलं, ते त्यांनाही ठाऊक नसावं. निरोप नेणारी तर पाण्यात होती.

आणि आत्या ओरडली, भावाच्या लहानपणच्या नावाने.

“गोट्या! डावीकडे! डावीकडे घे!”

“ताई, दिसत नाही गं! किती लांब?”

“ओंडका बघ! त्याच्या मागे! इंजिन बंद कर, तिच्या अंगावर जाशील!”

“बंद केलं तर मी वाहून जाईन!”

“वाहा! मी सांगते कधी चालू करायचं ते!”

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. बहिणीच्या शब्दावर, त्या पाण्यात! बोट काडीसारखी फिरली. ओंडक्याकडे सरकली. अजून सरकली.

“आताss!”

दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन चालू झालं! बोट जागच्या जागी थरथरत उभी राहिली आणि सासऱ्यांनी वाकून लेकीचा दंड पकडला. मग आत्याने सैल सोडलेला दोर धरून मला ओढलं, बुडत्या बकऱ्यासारखं. मी बोटीच्या तळाशी पडलो आणि छोटीचं डोकं छातीशी धरून खोकत राहिलो. ती जिवंत होती. ती माझ्या अंगावर थरथर कापत होती आणि जगात दुसरं काही मला नको होतं.

पण आत्या अजून तिथेच होती. तिच्या पायाखालचा उंचवटा पावाच्या तुकड्यासारखा विरघळत होता.

“ताई, उडी मार!”

“मला पोहता येत नाही!”

“मला येतं!”

आत्याने डोळे मिटले आणि उडी मारली. सासऱ्यांनी तिला कॉलरला धरूनच आत घेतलं.

खाडीच्या मध्यावर, शांत पाण्यात आल्यावर सासऱ्यांनी इंजिन मंद केलं. ते मटकन खाली बसले. मग तोंड फुटलं.

“सांगितलं होतं ना, समुद्र फुगतोय, असशील तशी पळ?”

“असं कुठे सांगितलंस? ‘जमलं तर निघूया का’ असं आलं माझ्याकडे!”

दोघांनी एकदमच छोटीकडे पाहिलं. माझ्या ओल्या शर्टात गुरफटलेली छोटी हुंदके द्यायला लागली.

“हो, मीच गोड केलं. आजपर्यंत सगळंच गोड केलं. काय करू मग? जसंच्या तसं नेलं असतं तर तुम्ही एकमेकांचे जीव घेतले असते!”

मग आत्या हळू आवाजात भावाला म्हणाली, “मी एकदा तुला कळवलं होतं, की ते वाक्य पुढच्या आवृत्तीतून काढते, चुकलं माझं. ते तरी पोचलं होतं का?”

“पोचलं की,” सासरे म्हणाले. “पण तुझं सगळंच गोड पोचायचं ताई. त्यातलं खरं कुठलं, मला कसं कळावं?”

आत्याने तोंड ओंजळीत झाकलं. सासरे तिच्याजवळ सरकले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तेलाने काळवंडलेली त्यांची बोटं तिच्या पाठीवर होती, आणि दोघंही लहान मुलांसारखी रडत होती. मी आणि छोटीने दुसरीकडे पाहिलं, पण बोट लहान होती, कितीसं दुसरीकडे पाहणार!

मागे भूशिर आता बेट झालं होतं. सासऱ्यांनी बोट वळवली, सावकाश एक फेरी मारली.

“बघून घे ताई. परत दिसायचा नाही.”

“कॅमेरा गेला रे. मापंही गेली.”

“उभी राहिलीस ना? मग नियमात बसतंय.”

आत्याने नाक पुसलं. “सरळ वाक्य भूतकाळात लिहीन. आणि दुसरं...” तिने छोटीचा गार पडलेला पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. “दुसरं तुझ्यावर नाही गं लिहायची. नकोच ते.”

परतीच्या वाटेवर दोघं बोलत होती. वर्षांचं साठलेलं! कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला झोप लागत नाही, छपराचं कोणतं कौल गळतं. छोटी त्या आवाजात माझ्या खांद्यावर कधी झोपली ते मलाही कळलं नाही.

महिनाअखेर आली. सामान बाहेर गाडीत चढलं. घरात जिन्यावर जोरात भांडण पेटलं होतं. आत्या वरच्या पायरीवर, सासरे खालच्या, आणि विषय होता इस्थमसचं दुसरं वाक्य. सासरे सुचवत होते, आत्या उडवून लावत होती.

“‘इकडे आड, तिकडे विहीर, मध्ये इस्थमस.’ काय वाईट आहे यात?”

“सगळंच वाईट आहे! तुला वाक्यातलं काय कळतं रे?”

“ज्याला वाक्यात घातलंय त्याला नाही कळणार तर कुणाला कळणार?”

आत्याला हसू फुटलं, ते तिने रागात दडवायचा प्रयत्न केला, आणि जमलं नाही. मग ती आणखी जोरात भांडायला लागली.

छोटीने दोघांना मघाशीच नमस्कार केला होता, दोघांनी तिला पोटाशी धरलं होतं. आता ती पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. मी म्हणालो, “चल, उशीर होतोय.”

“थांब,” ती म्हणाली.

ती वाट बघत होती. आतून आवाज येत होते, चढलेले, एकात एक मिसळलेले. पण ‘छोटी, त्याला सांग’ असं कुणी म्हटलं नाही. ‘छोटी, तिला सांग’ असंही नाही. अजून थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिने दार हलकेच ओढून घेतलं आणि माझा हात धरून पायऱ्या उतरायला लागली.